नीलहरित पटलांचे पथ्यपाणी

प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासात मोठ्या शोधांची नावे येतात; पेशीतून काढलेले पटल निकामी होऊ नये म्हणून केलेल्या खटपटींची नोंद क्वचितच सापडते. माझे म्हणणे असे, की नीलहरित शैवालांच्या बाबतीत ही खटपटच एका मोठ्या शोधाचे मूळ ठरली.

केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी १९३७ मध्ये दाखवले, की पानातून वेगळी काढलेली हरितलवके लोहक्षार दिल्यास उजेडात प्राणवायू सोडतात. पुढे पालकाची पाने प्रयोगशाळांची आवडती झाली. नीलहरित शैवाल मात्र सहजी दाद देईना. त्याच्या पेशीत हरितलवक नसते. प्रकाश वापरणारी पटले थेट पेशीद्रवात असतात. भित्तिका फोडून ती विरळ द्रावणात आणली, की त्यांना चिकटलेली निळी रंगप्रथिने सुटतात आणि प्राणवायू सोडण्याची क्षमताही अनेकदा मावळते.

मग पथ्यपाणी सुरू झाले. थंडावा, मंद उजेड, साखर किंवा ग्लिसरॉल घातलेले दाट द्रावण, रंगप्रथिने जागेवर राहावीत म्हणून तीव्र फॉस्फेट, आणि मोजूनमापून क्षार. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील पिचोनी आणि मॉझरॉल यांनी १९७६ मध्ये नोंदवले, की फॉर्मिडियम ल्युरिडम या शैवालापासून केलेल्या नमुन्यात कॅल्शियम घातले असता प्राणवायूचा वेग वाढतो. मँगेनीज लागते हे ठाऊक होते. पण कॅल्शियम कशासाठी? ते पटलाला नुसता आधार देते, की पाणी फोडण्याच्या कामात त्याचा वाटा आहे?

उत्तरासाठी टिकाऊ पटल हवे होते. ते उन्हाळ्यांमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांमध्ये मिळाले. तिथल्या शैवालांची प्रथिने मुळातच काटक. जपानमधील बेप्पूच्या झऱ्यातील शैवालावर यामाओका, सातो आणि कातो यांनी १९७८ मध्ये निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये स्ट्युअर्ट आणि बेंडॉल यांनी फॉर्मिडियम लॅमिनोसम या उष्णताप्रिय शैवालाच्या पटलातून प्राणवायू सोडणारा प्रकाशप्रणाली-२ चा कण वेगळा काढला. पालकापासूनचा गाजलेला नमुना आला तो १९८१ मध्ये. हट्टी शैवालाने पालकाला मागे टाकले होते!

२००१ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी उष्णताप्रिय शैवालातील या प्रथिनसंकुलाची पहिली स्फटिकरचना मांडली. २०११ मध्ये जपानमधील शेन, कामिया आणि सहकाऱ्यांनी ती १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने दाखवली. पाणी फोडणाऱ्या केंद्रात चार मँगेनीज, पाच ऑक्सिजन आणि एक कॅल्शियम होते. द्रावणात घातलेला क्षार यंत्राचाच एक भाग निघाला.

१९७६ ते २०११ ही पस्तीस वर्षे आहेत. म्हणून शोधनिबंधातील ‘कार्यपद्धती’ हा भाग मी ओलांडून जात नाही. पटल कशावाचून थांबते आणि काय दिल्यावर चालते, याच्या त्या रुक्ष नोंदींतच त्याची घडण आधी उमटली होती.