नायट्रोजनचा हिशेब

हाल्डेन यांच्या शेळ्या दुखरा पाय उचलून उभ्या राहायच्या. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना पोलादी टाकीत दाबाच्या हवेत ठेवत आणि मग दाब उतरवत. उतरवताना घाई झाली की सांध्यात कळ येई आणि शेळी पाय टेकेना. ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्या माणसांना सुखरूप वर कसं आणायचं हे शोधण्यासाठी १९०५ मध्ये एक समिती नेमली गेली होती. जॉन स्कॉट हाल्डेन तिच्यासाठी हे प्रयोग करत होते.

दुखणं जुनंच होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणायला मजूर नदीतळाशी दाबाच्या हवेत उतरत आणि वर आल्यावर वेदनेनं वाकत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनी १८७२ मध्ये त्यापायीच अंथरूण धरलं. पुढचं काम पत्नी एमिली यांनी पुरं करून घेतलं. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन दाब हटताच बुडबुडे होऊन बाहेर पडतो, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवलं. किती खोल, किती वेळ आणि किती हळू वर यायचं, याचे आकडे मात्र हाल्डेन, बॉयकॉट आणि डॅमंट यांच्या १९०८ च्या निबंधानं दिले.

त्यांनी शरीराचे पाच गट कल्पिले. पातळ सुती साडी बघता बघता वाळते, गोधडीला दिवस लागतो. तसेच काही ऊतक नायट्रोजन झटपट घेतात नि सोडतात, काही फार सावकाश. या गटांचे अर्धकाल, म्हणजे निम्मा नायट्रोजन घ्यायला वा सोडायला लागणारा वेळ, त्यांनी ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं असे धरले. डॅमंट स्वतः नौदलाचे अधिकारी. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख स्ट्रिव्हनमध्ये ते आणि कॅटो हे त्यांचे सहकारी २१० फूट, म्हणजे ६४ मीटर खाली जाऊन आले.

मी कोल्हापुरात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. किरणोत्साराच्या धड्यात फळ्यावर लिहिते तेच अर्धकालाचं समीकरण मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर पाण्याखाली सतत सोडवत असतो, याचं मला मनापासून अप्रूप आहे. तारकर्लीला डायव्हिंग शिकलेली माझी भाची यंदा अंदमानला निघाली आहे. तिनं विचारलं, "मावशी, पहिला कॉम्प्युटर कोणता घेऊ?" मी तिला हा इतिहास सांगायला बसले, कारण विकत घेताना काय पाहायचं ते सगळं यातूनच कळतं.

हाल्डेन यांच्या पद्धतीनं पुढे नौदलांचे तक्ते तयार झाले. नौदलाचा पाणबुडा सहसा ठरलेल्या खोलीवर काम करून वर येतो. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांचं ॲक्वालंग आलं आणि हौशी माणूस प्रवाळावरून कधी १८ मीटरवर, कधी ८ मीटरवर फिरू लागला. तक्ता मात्र सगळा वेळ सर्वांत खोल जागीच गेला असं धरतो. म्हणून बदलती खोली मोजत जाणारं यंत्र हवं झालं.

इटलीत १९५९ मध्ये एसओएस मीटर निघाला. त्यात पिशवीतला वायू सच्छिद्र चिनीमातीतून हळूहळू एका बंद कप्प्यात झिरपे आणि काटा सरके. कल्पना सुंदर होती, पण यंत्र एकाच ऊतकाची नक्कल करी. दिवसातल्या दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला ते जरुरीपेक्षा जास्त मुभा देई. १९८३ मध्ये अमेरिकेचा ओर्का एज आला. कार्ल हगिन्स यांच्या गणितावर चालणारं हे यंत्र बारा ऊतकांचे बारा स्तंभ पडद्यावर दाखवी. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डेकोब्रेन निघाला. १९८७ मध्ये फिनलंडच्या सुंटो या होकायंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं सुटसुटीत एसएमई-एमएल आणला.

झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांचं नाव मी भाचीला पाठच करायला लावलं. स्वित्झर्लंडमधली तळी डोंगरात, म्हणून त्यांनी उंचीवरच्या हवेच्या कमी दाबाचाही अभ्यास केला आणि आपलं गणित पुस्तकातून सर्वांपुढे मांडलं. त्यांच्या झेडएच-एल१६ मध्ये सोळा ऊतक आहेत. आजही अनेक कॉम्प्युटर त्यावर चालतात. माझी पहिली अट हीच: कॉम्प्युटर कोणत्या गणितावर चालतो हे कंपनीनं उघड सांगितलेलं असावं आणि ते गणित आपल्याला अधिक सावध करून ठेवता यावं.

दुसरी अट, वर येण्याच्या वेगाचा इशारा ठळक हवा. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलानं मिनिटाला ६० फुटांचा वेग ठरवला, तो तडजोडीतून. चपळ फ्रॉगमनना याहून वेग हवा होता, तर जड शिरस्त्राणवाल्यांना इतकं भरभर ओढून घेणं जमत नव्हतं. आजचे बरेच कॉम्प्युटर त्याच्या निम्म्यावर, म्हणजे मिनिटाला ९-१० मीटरवरच हटकतात.

तिसरी अट आपल्या घाटवाटांची. तारकर्लीजवळच्या मालवणहून कोल्हापूरला यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. घाटमाथ्यावरची आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर आहे. उथळ डाइव्हनंतर त्याची फारशी चिंता नाही. पण दिवसभर खोल डाइव्ह केल्या असतील, तर लगेच घाट चढू नये. अंदमानहून परतताना विमानाचाही विचार हवा: अनेक डाइव्हनंतर उड्डाणापूर्वी किमान १८ तास थांबावं, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. म्हणून अजून किती तास थांबायचं, हे पडद्यावर चटकन दिसायला हवं.

सिलिंडरमधली हवा मोजणारा ट्रान्समीटर पहिल्या खरेदीत नसला तरी चालतो, साधा प्रेशर गेज आहेच. नायट्रॉक्सची, म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची, सोय मात्र असावी. आणि मैत्रिणीबरोबर एकच कॉम्प्युटर आळीपाळीनं वापरायचा नाही; सकाळी ज्याच्या मनगटावर तो होता, त्याच्याच शरीरातला उरलेला नायट्रोजन त्याला ठाऊक असतो.

शेवटी, हे यंत्र फक्त खोली आणि वेळ मोजतं. झोप झाली नाही, पाणी कमी प्यायलं, थंडी वाजतेय, यातलं त्याला काही कळत नाही. तो भाग भाचीनं स्वतः सांभाळायचा आहे. म्हणून दुकानात तिनं किंमत आणि रंग यांच्या आधी एवढंच पाहावं, की पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ तिला दुसऱ्याला समजावून सांगता येतो का. ज्या कॉम्प्युटरबाबत येईल, तोच तिनं घ्यावा.