मेंदूत नळी अडकते तेव्हा

1/ वैद्यकाचा इतिहास बहुधा यशाच्या तारखांनी सांगितला जातो. मित्रहो, आज उलट वाट धरू. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर आतूनच उपचार करताना साधन फसले, तेव्हा काय केले गेले?

2/ हा गुंता म्हणजे 'एव्हीएम'. यात धमनीचे रक्त केशवाहिन्या टाळून थेट शिरेत धावते. भिंत फुटली की मेंदूत रक्तस्राव. 1927 मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या. (मुंबईचे केईएम रुग्णालय तेव्हा जेमतेम वर्षभराचे होते!)

3/ 1960 मध्ये अमेरिकेत लुसेनहॉप आणि स्पेन्स यांनी मानेतील धमनीतून प्लास्टिकचे मणी सोडल्याची नोंद प्रसिद्ध केली. जोरदार प्रवाह गुंत्याकडे जातो, तेव्हा मणीही तिकडेच जातील, हा हिशेब. वाट चुकलेला मणी मात्र परत बोलावता येत नसे. मॉस्कोच्या सेर्बिनेन्को यांचा फुगा (1974) अधिक समंजस होता: फुगवून पाहावा, रुग्णाचे बोलणे अडखळले तर हवा तसाच मिटवावा.

4/ पुढे आला ग्लू, फेविक्विकच्याच कुळातला सायनोअॅक्रिलेट. रक्ताचा स्पर्श होताच तो घट्ट होतो. म्हणून नळी आधी डेक्स्ट्रोजने धुतात. तरी हात क्षणभर रेंगाळला, तर नळीचे टोकच चिकटून बसते. जोराने ओढावे, तर धमनी फाटण्याचे भय. अशा वेळी कित्येकदा नळी मांडीपाशी कापून शरीरातच ठेवली गेली आणि गुठळी होऊ नये म्हणून औषधे दिली गेली. न ओढण्याचा हा निर्णय मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अवघड वाटतो.

5/ 2005 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले 'ऑनिक्स' सावकाश भरता येते. पण तेही मागे सरकून नळीला वेढते. 2012 मध्ये तिथल्या एफडीएने अडकणाऱ्या नळ्यांबद्दल इशारा दिला. त्यावर तोड म्हणजे सुटणाऱ्या टोकाची नळी: टोक आत राहते, उरलेली नळी बाहेर येते. आपल्याकडे हे शास्त्र रुजवणाऱ्यांत केईएमचे डॉ. उदय लिमये यांचे नाव घ्यावे लागते.

6/ आणि गुंता फुटलेलाच नसेल तर? उमरेडहून नागपूरला एमआरआयसाठी गेलेल्या एखाद्याला केवळ डोकेदुखी असते आणि रिपोर्टात हा शब्द येतो. 2014 च्या 'अरुबा' अभ्यासात अशा रुग्णांपैकी हस्तक्षेप झालेल्यांत पक्षाघात आणि मृत्यू अधिक आढळले. टीकाकारांचे उत्तर: पाहणी सरासरी 33 महिन्यांची, रुग्णासमोर मात्र अख्खे आयुष्य. हा वाद अजून चालू आहे.