उपनगरांचे पाणी : शुद्धीकरण केंद्रापासून नळापर्यंत

मुंबईच्या नळाला येणारे पाणी पिण्यास योग्य असते काय, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी निकषांस उतरलेले असते. तेच पाणी अंधेरीतील एखाद्या चाळीत किंवा घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत पोहोचते तेव्हा कधी गढूळ असते, कधी त्याला वास येत असतो. दोष बहुधा धरणात किंवा केंद्रात नसतो, तो अखेरच्या काही मीटरांत असतो. तेथे पिण्याच्या पाण्याची नळी आणि गटार एकाच अरुंद गल्लीतून जातात. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण हे विषय कागदोपत्री वेगळे असले, तरी उपनगरांच्या जमिनीखाली ते एकमेकांस खेटून आहेत.

पाण्याचा प्रवास

मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव शहराच्या हद्दीतच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली पूर्ण झालेले मध्य वैतरणा हे जलाशय ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. सातही जलाशयांची एकत्रित उपयुक्त साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून तिचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. शहराला दररोज सुमारे ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते आणि मागणी त्याहून अधिक आहे.

यातील बहुतेक पाणी भांडुप संकुल आणि भिवंडीनजीकचे पांजरापूर या दोन ठिकाणी शुद्ध होते. तुरटीसारखी रसायने घालून गाळ खाली बसविणे, वाळूच्या थरांतून गाळणे आणि शेवटी क्लोरीन मिसळणे, असा हा क्रम असतो. त्यानंतर बोगदे आणि मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांतून पाणी ठिकठिकाणच्या सेवा जलाशयांत जाते. अंधेरी-जोगेश्वरी परिसरासाठी वेरावली, पश्चिमेला मालाड व बोरिवलीच्या टेकड्या आणि पूर्वेला घाटकोपर येथील जलाशय महत्त्वाचे आहेत.

आधी नळ, नंतर गटार

१९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंतची उपनगरे आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा विस्तारित भाग महापालिकेच्या हद्दीत आला. शहर भागात भुयारी मलवाहिन्यांचे काम एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. उपनगरांत मात्र बंगले आणि चाळी दीर्घकाळ सेप्टिक टँकवर विसंबून होत्या. लोकवस्ती वेगाने वाढत गेली आणि मलवाहिन्यांचे जाळे तिच्या मागून आले. जागतिक बँकेच्या साह्याने १९७३पासून पाणीपुरवठा व मलनिःसारणाचे मोठे प्रकल्प हाती घेण्यात आले, तेव्हा या कामाला गती मिळाली.

आज मलनिःसारणासाठी मुंबईचे सात विभाग आहेत : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. उतारावरून वाहत आलेले सांडपाणी उदंचन केंद्रांत वर उचलले जाते व पुढे पाठविले जाते. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते, असे नियोजनात गृहीत धरतात. म्हणजेच पाणीपुरवठा वाढविणारी प्रत्येक योजना मलवाहिन्यांवरील भारही वाढविते.

वरळी व वांद्रे येथील सांडपाणी समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक आत सोडण्याची सोय मागील प्रकल्पात झाली. वर्सोवा, भांडुप व घाटकोपर येथे हवा मिसळून प्रक्रिया करणारे तलाव उभारले गेले. मालाडच्या विस्तीर्ण विभागाचे पाणी मात्र जुजबी गाळणीनंतर खाडीत जात राहिले.

एकाच डोंगराचे तीन तलाव

सांडपाणी रोखले नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. विहार आणि तुळशी यांच्याभोवती जंगल राखले गेले, म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्यांचे पाणी पिण्यासाठी वापरता येते. त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्याच्या उपयोगाचे राहिले नाही. भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी त्यात मिसळत गेले आणि जलपर्णी माजली. विहारच्या सांडव्यावरून निघणारी मिठी नदी माहीमच्या खाडीपर्यंत पोहोचेतो उघड्या गटाराचे रूप घेते. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्यांची कथाही वेगळी नाही. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या नाल्यांत, मलवाहिन्यांना न जोडलेल्या वस्त्यांचे सांडपाणी बारमाही वाहत असते.

पाणी दूषित होते कसे?

मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक तासांपुरतेच येते. चावीवाल्याने झडप उघडली की वाहिनीत दाब निर्माण होतो आणि बंद केली की तो उतरतो. दाब असताना फुटक्या नळीतून पाणी बाहेर झिरपते. दाब गेल्यावर वाहिनी रिकामी होऊ लागते आणि त्याच छिद्रातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. भोवती तुंबलेले गटार किंवा गळकी मलवाहिनी असेल, तर आत येणारे पाणी मैल्याचे असते. पुढच्या वेळी नळ सुटताच पहिल्या काही मिनिटांत हेच पाणी घरात येते.

गंजलेल्या जुन्या नळजोडण्या, गटारातून नेलेले नळ्यांचे जुडगे, परस्पर केलेल्या बेकायदा जोडण्या आणि नळाला थेट लावलेले पंप यांनी हा धोका वाढतो. पंप तर वाहिनीतील दाब आणखी घटवितो, त्यामुळे एका घराची सोय शेजाऱ्यांच्या आरोग्यावर बेतते. पावसाळ्यात गटारे तुडुंब भरलेली असतात. गॅस्ट्रो, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण याच दिवसांत वाढतात, हा योगायोग नाही.

मुख्य वाहिन्याही निर्धोक नाहीत. ठाण्यात कूपनलिका खोदताना भांडुपकडे येणाऱ्या जलबोगद्याला भोक पडले आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च ते ३० एप्रिल २०२३ या काळात मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरी पूर्वेला सीप्झनजीक मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची १,८०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी फुटली आणि अंधेरी-जोगेश्वरी परिसराचा पुरवठा विस्कळीत झाला. जमिनीखाली काय आहे याचा बिनचूक नकाशा हाताशी नसताना खोदकाम केले की अशी वेळ येते.

निकष आणि तपासणी

भारतीय मानक ब्युरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जिवाणू अजिबात आढळता कामा नये. ग्राहकाच्या नळापाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते मोजण्यासाठी ऑर्थोटोलिडीन हे द्रावण वापरीत आले आहेत. थेंब टाकताच पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर वाटेत कोठेतरी घाण मिसळल्याचा संशय घ्यावा. महापालिका विभागवार नमुने तपासते आणि निष्कर्ष वार्षिक पर्यावरण अहवालात प्रसिद्ध करते. मात्र विभागाची सरासरी चांगली असली, तरी एखाद्या गल्लीतील फुटकी नळी त्या आकड्यांत दिसतेच असे नाही.

या धोक्याचा वाटाही सर्वांना सारखा नाही. इमारतींसाठी दरडोई १३५ लिटर आणि झोपडपट्ट्यांसाठी ४५ लिटर, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. अनधिकृत वस्त्यांना तर नळजोडणीच नाकारली जात असे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घर अनधिकृत आहे एवढ्यावरून पाणी नाकारता येणार नाही. मे २०२२मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. अधिकृत जोडणी म्हणजे नोंद, मोजमाप आणि दुरुस्तीची जबाबदारी, त्यामुळे हा न्यायाइतकाच स्वच्छतेचाही विषय आहे.

पुढील वाट

अखंड पुरवठा हा दूषित पाण्यावरील खरा उपाय, कारण वाहिनीत सतत दाब असेल तर घाण आत शिरू शकत नाही. २०१४ साली मुलुंड आणि वांद्रे पश्चिम येथे चोवीस तास पाण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला, पण तो शहरभर पसरला नाही. गळती आणि चोरी थांबल्याखेरीज तो पसरणेही कठीण आहे. सांडपाण्याच्या बाजूने मोठे पाऊल १९ जानेवारी २०२३ रोजी पडले. त्या दिवशी सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. मालाड ४५४, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वर्सोवा १८० दशलक्ष लिटर, अशी उपनगरांतील चार केंद्रांची नियोजित दैनंदिन क्षमता आहे. परंतु केंद्र कितीही मोठे असले, तरी वस्तीतील मैला मलवाहिनीऐवजी नाल्यात जात असेल तर त्याचा उपयोग मर्यादितच राहील.

घराघरांत घ्यावयाची काळजी

सोसायटीच्या तळटाक्या व गच्चीवरील टाक्या स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी सोसायटीचीच असते. त्या वर्षातून किमान दोनदा धुवाव्यात, त्यांची झाकणे घट्ट असावीत आणि तळटाकीजवळून मलवाहिनी जात नाही ना, हे पाहावे. नळ सुटल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये. पाणी गढूळ वा वासाचे आल्यास ते उकळावे आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तलावांच्या या पाण्यात क्षारांचे प्रमाण मुळातच कमी असल्याने घरोघरी आरओ यंत्राची गरज सहसा नसते, उलट त्यात बरेच पाणी वाया जाते. जंतूंच्या भीतीवर खळखळून उकळणे हा पुरेसा उपाय आहे. तथापि उकळण्याने एका घरापुरतेच काम भागते. गल्लीतील गळकी नळी बदलली आणि तुंबलेले गटार मोकळे झाले, तर संपूर्ण गल्लीचे पाणी सुधारते.