पेटीसाठी कोणी रचले?

पॅरिसच्या आलेक्सांद्र देबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा ते पायाने भाता हलवायचे वाद्य होते. रोसिनी, द्वोर्झाक, फ्रांक यांनी त्यासाठी रचना लिहिल्या. द्वोर्झाकच्या १८७८ च्या ‘बॅगाटेल’मध्ये ते दोन व्हायोलिने आणि एका चेलोच्या बरोबरीने वाजते. आपल्याकडे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता हाताशी आणला, वाद्य बैठकीत आले आणि त्याची ‘पेटी’ झाली. मात्र पेटीसाठी म्हणून रचना कोणी केली, असे विचारले की आपण ‘साथीचे वाद्य’ म्हणून मोकळे होतो.

माझ्या मते हा माग ग्वाल्हेरला लागतो, म्हणजे आपल्या इंदूरच्या शेजारीच. जयाजीराव शिंद्यांचे पुत्र भैया गणपतराव ठुमरीचे मर्मज्ञ होते. पेटीत मींड निघत नाही आणि ठुमरी तर मींडेवर जगते; तरीही त्यांनी ती पेटीवर वाजवली, आणि नुसती वाजवली नाही, गाजवली. त्याच पूरबी ठुमरी-दादऱ्याचे वळण पुढे मराठी रंगभूमीवर आले ते गोविंदराव टेंबे यांच्या हातून. किर्लोस्कर मंडळीने १९११ मध्ये आणलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. त्या चाली गळ्यासाठी बांधलेल्या असल्या, तरी पट्ट्यांवर फिरणारी बोटे त्यांत मला जाणवतात. गोविंदराव पटवर्धनांच्या पेटीवर नाट्यपद शब्दांवाचून अपुरे वाटत नसे, याचे एक कारण हेही असावे.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटी बंद केली. टेंबे १९५५ मध्ये गेले तेव्हाही बंदी कायम होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. श्रुतींचा आक्षेप खोटा नव्हता. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून त्याला कृतीने उत्तर दिले. पण वाद्य सुधारले म्हणून त्याचे साहित्य आपोआप वाढत नाही. आजही एकलवादनात बहुधा गळ्याचीच बंदिश किंवा नाट्यपद असते.

पेटीला जे स्वतःचे म्हणून येते, ते गळ्याला येत नाही: दोन-तीन स्वर एकाच वेळी धरणे, भात्याने एकच स्वर वाटेल तितका वेळ फुलवत नेणे, दोन सप्तकांत एकच ओळ चालवणे. यांवर बांधलेल्या चार-पाच मिनिटांच्या नव्या गती आपल्या सभेने मागवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत स्वरलिपीसह छापाव्यात.