रकान्याची कुळकथा

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलुखात भाताचे खाचर, नाचणी-वरीचे वरकस आणि कातळाचा पोटखराबा शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे, जमीन दप्तरी उतरवताना कोणत्या जागी काय लिहावयाचे, हा प्रश्न येथे जिव्हाळ्याचा आहे. आणि संगणकाच्या पडद्यावर आज आपण ज्या रिकाम्या चौकटी भरतो, त्यांचे पूर्वज मला तलाठ्याच्या दप्तरातच दिसतात.

विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मोजणी व आकारणी यांस स्थिर रूप दिले, १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आणली, आणि कालांतराने गाव नमुना सात व बारा एकाच कागदावर आले. रकान्याचे शीर्षक रकान्याबाहेर छापलेले असल्यामुळे, आकडा क्षेत्राचा की आकाराचा, हे पुढील पिढीतील वाचणारासही कोणाला विचारावे लागत नसे. संगणकावर हीच रीत आली, ती १९९५ मध्ये, वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने मजकुराची चौकट प्रमाण केली तेव्हा. पुढे मात्र शीर्षकच चौकटीच्या पोटात फिकट अक्षरांत घालण्याची, आणि पहिले अक्षर उमटताच ते लुप्त होऊ देण्याची प्रथा पडली, ती मला सरळसरळ अधोगती वाटते.

कारण रकाना ही क्षुल्लक वस्तू नव्हे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, तेव्हा ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात होते त्याचा हक्क कागदच बोलून दाखवीत होता. ज्याचे नव्हते, त्यास आपली वहिवाट पुराव्यानिशी शाबीत करावी लागली.

एककाचेही तसेच. एका गुंठ्याचे सुमारे १०१ चौरस मीटर आणि एका आरचे १००, म्हणून दोहोंत भेद नाही असे वाटते. परंतु एकरात गुंठे ४० आणि हेक्टरात आर १००, त्यामुळे नुसते ‘१.२०’ लिहिले तर ते साठ गुंठे की एकशेवीस आर, म्हणजे जवळजवळ दुप्पट, हे कसे ठरावे? २०२० च्या सुधारित सातबाऱ्यात एकक स्पष्ट छापले जाऊ लागले, हे फार योग्य झाले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत खातेदार स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करू लागला, आणि त्याला समजावून सांगणारा तलाठी शेजारी उरला नाही. तेव्हा अशा प्रत्येक नमुन्यात हेक्टर व आर यांस निराळ्या चौकटी असाव्यात, देवनागरी अंकही स्वीकारले जावेत, आणि चूक झाल्यास ती कोणती, हे त्याच चौकटीखाली साध्या मराठीत लिहून यावे.