कोल्ह्यासाठी पेरलेली राई
इंग्लंडच्या लेस्टरशरमध्ये अठराव्या शतकात सामाईक जमिनींना कुंपणे पडली आणि नांगरटीची बरीच शेते गुरांची कुरणे झाली. कोल्ह्याच्या शिकारीत घोडे भरधाव सोडायला गवत मिळाले, पण कोल्ह्याला लपायला जागा उरेना. म्हणून १७५३ ते १८०० या काळात क्वॉर्न या शिकारी मंडळाचे प्रमुख असलेल्या ह्यूगो मेनेल यांच्या कारकिर्दीत आणि पुढेही जमीनदारांनी कुरणांचे तुकडे राखून तिथे गॉर्सची काटेरी झुडपे नि झाडे लावली. ही लागवड लाकडासाठीच होती, असे कोणी म्हणेल. काही ठिकाणी दोन्ही हेतू साधले, हे मान्य. पण गॉर्सची तुळई होत नाही, आणि अशा राईसाठी शिकारी मंडळे जमिनीचे भाडेही मोजत. कोल्हा म्हणे रानटी, पण त्याचे रान माणसाने पेरलेले! कोंबड्या मात्र शेतकऱ्यांच्या जात. त्यांची भरपाई मंडळांना पुढे द्यावी लागली.