केमोचं औषध कालवतं कोण?

केमोच्या सलाईनकडे सगळ्यांचं लक्ष असतं. नातेवाईक थेंब मोजतात, सिस्टर येऊन स्पीड बघून जाते, शेजारच्या बेडवरचा माणूस "तुमची कितवी?" विचारतो. पण ती बाटली स्टँडला लागण्याआधीच्या अर्ध्या तासात ती कुठे होती, कुणाच्या हातात होती, हा प्रश्न वीस वर्षांच्या बातमीदारीत मी कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. आता केमो नागपूर-मुंबईतून निघून जिल्ह्याच्या दवाखान्यांत पोचते आहे, म्हणून हा इतिहास लिहितोय. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

आधी साधी गोष्ट. केमोची बरीच औषधं तयार बाटलीत येत नाहीत. वायलमध्ये पावडर असते नाहीतर दाट द्रावण. पेशंटची उंची-वजन बघून डोस ठरतो, मग कुणीतरी ती पावडर विरघळवतं, सिरिंजने मोजून ओढतं आणि सलाईनच्या बाटलीत सोडतं. यात दोन गोष्टी एकदम सांभाळायच्या असतात. बाहेरचा एकही जंतू आत जाता कामा नये, कारण केमोने पेशंटच्या पांढऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात. आणि आतला एकही थेंब बाहेर येता कामा नये, कारण ते औषध निरोगी माणसाच्या पेशींनाही सोडत नाही. या दोन अटी एकमेकींच्या विरोधात कशा जातात ते पुढे सांगतो. सगळा इतिहास त्यातच आहे.

या औषधांचं एक घराणं थेट युद्धातून आलंय. 1942 साली अमेरिकेत येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन लिम्फोमाच्या एका पेशंटला गुपचूप देऊन बघितलं गेलं. विषारी वायूच्या संशोधनाचाच तो भाग असल्यामुळे 1946 पर्यंत काही छापता आलं नाही. मधल्या काळात, 2 डिसेंबर 1943 ला, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तिथे 'जॉन हार्वी' नावाच्या अमेरिकन जहाजात मस्टर्डचे बॉम्ब लपवून आणलेले होते. जहाज फुटलं, माणसं त्या तेलकट पाण्यात पडली. तपासाला आलेल्या स्ट्युअर्ट अलेक्झांडर या डॉक्टरला त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळलेल्या दिसल्या. आज आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड हे याच घराण्यातलं.

दुसरं घराणं मात्र आपल्या मुंबईच्या गिरणगावातून जातं, आणि हे आपल्या लोकांना फारसं माहीत नाही. 1928 साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांचं रक्त का आटतं, हा तिचा प्रश्न. नेहमीच्या औषधांनी जे होत नव्हतं ते यीस्टपासून बनणाऱ्या स्वस्तातल्या मार्माइटने झालं. 1931 मध्ये तिने ते छापलं. त्या यीस्टमधला अज्ञात घटक म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत ते कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीची औषधं देऊन बघितली, तर आजार उलट वाढला. मग त्यांनी उलटा विचार केला: फॉलिक ॲसिडला अडवणारं औषध दिलं तर? ते औषधही सुब्बारावांच्याच गटाने दिलं. 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांचा अहवाल छापला, त्यातल्या 10 मुलांना उतार पडला होता, थोड्या काळापुरता का होईना. मेथोट्रेक्झेट याच ओळीतलं. सुब्बाराव त्याच वर्षी गेले.

तिसरं तर आपल्या अंगणातच आहे. सदाफुली. व्हिनक्रिस्टीन तिच्यातूनच निघतं. आणि सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात जो कॅम्प्टोथेसिन असतो, त्याच्यापासून इरिनोटेकान बनतं.

नागपूरकडे येऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली कॅन्सरनेच गेले. मानेवाडा रोडवरचं त्यांच्या नावाचं हॉस्पिटल सत्तरच्या दशकापासून उभं आहे, आणि देशातल्या प्रादेशिक कॅन्सर केंद्रांपैकी ते एक. विदर्भच काय, बालाघाट-छिंदवाड्याचे, छत्तीसगडचे लोक गाठोडी घेऊन तिथे येत राहिले. ज्या काळात हे सुरू झालं त्या काळात जगात जवळपास सगळीकडेच केमोचं औषध वॉर्डात कालवलं जायचं. टेबल, ट्रे, सिरिंज आणि एक नर्स. लंडन असो की नागपूर, यात कमीपणा असा नव्हता, कुणाला माहीतच नव्हतं.

माहीत झालं ते 1979 मध्ये, फिनलंडमुळे. तिथल्या संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी जिवाणूंवर तपासली. औषध त्यांनी घेतलेलं नव्हतं, तरी त्यांच्या लघवीत पेशींच्या जनुकांत बदल घडवणारा अंश, या औषधांशी संबंध नसलेल्या लोकांपेक्षा जास्त निघाला. 'लान्सेट'मध्ये ते छापून आलं. 1985 मध्ये फिनलंडमधूनच आणखी एक अभ्यास आला: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळणाऱ्या नर्सेसमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त होतं.

आता ती विरोधाची गोष्ट. हॉस्पिटलांमध्ये निर्जंतुक औषधं बनवायला लॅमिनार फ्लोचं टेबल आलेलं होतं. त्यात समोरच्या फिल्टरमधून गाळलेली हवा आडवी वाहते, औषधावरून पुढे येते आणि बाहेर पडते. औषध एकदम स्वच्छ. पण बाहेर पडते म्हणजे कुठे? कालवणाऱ्याच्या तोंडावर. पेशंट वाचवायला केलेली सोय कामगाराला औषध हुंगवत होती! 1982 मध्ये अमेरिकेत नेमकं हेच सापडलं. आडव्या हवेच्या टेबलावर काम करणाऱ्या फार्मसीतल्या लोकांच्या लघवीत दोष दिसला, उभ्या हवेच्या कॅबिनेटवर गेल्यावर तो गेला. उभी हवा म्हणजे वरून खाली येणारी, खालच्या जाळीतून ओढून पुन्हा गाळली जाणारी. पुढे काच, काचेखालून फक्त हात आत. तिलाच बायोसेफ्टी कॅबिनेट म्हणतात. तिचा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. हा फिल्टरही मुळात अणुबॉम्बच्या प्रकल्पातला. केमोच्या इतिहासात युद्ध पाठ सोडत नाही, बाप्पा.

नुसती कॅबिनेट आणून भागत नाही. ज्या खोलीत ती आहे तिथला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी लागतो, म्हणजे दार उघडलं तर हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. हातात दोन ग्लोव्हज, एकावर एक. अंगात मागून बांधायचा, पाणी न झिरपणारा गाऊन. सिरिंजची सुई फिरवून घट्ट बसणारी हवी, नुसती खोचलेली नको. वायलमध्ये हवा भरून दाब वाढवायचा नाही, नाहीतर सुई काढताना बारीक फवारा उडतो, डोळ्यांना दिसतही नाही. सिरिंज पाऊण भागापेक्षा जास्त भरायची नाही. लेबलवर पेशंटचं नाव, औषध, डोस, वेळ, आणि दुसऱ्या माणसाने तपासल्याची सही. ठरावीक काळाने औषधाऐवजी जंतूंचं खाद्य घेऊन हीच सगळी क्रिया करून बघायची. ते गढूळ झालं तर समजायचं की हात चुकतोय.

सदाफुलीच्या औषधाबद्दल एक वेगळं सांगायला पाहिजे. व्हिनक्रिस्टीन शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून मणक्यात गेलं तर माणूस जवळजवळ वाचतच नाही. मणक्यात द्यायची इंजेक्शनंही सिरिंजमध्येच, हेही सिरिंजमध्येच, एकाच ट्रेमध्ये, म्हणून जगभर मृत्यू झाले. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत द्या. पिशवी कुणी मणक्याला लावणार नाही. एवढा साधा उपाय, पण तो अमलात येतो फार्मसीत, भरणाऱ्याच्या हातून.

आणि आपल्याकडे फार्मासिस्ट म्हणजे काय? खिडकीतून गोळ्या देणारा. 2008 पासून देशात फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पोरं शिकून बाहेर पडतात, आणि त्यातली कितीतरी कंपन्यांच्या ऑफिसात नाहीतर परदेशात दिसतात. मागे विदर्भातल्या एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) मी डोळ्यांनी बघितलं: वॉर्डाच्या कोपऱ्यात टेबल, वर पंखा सुरू, सिस्टर लाल रंगाचं औषध ओढते आहे. हातात एकच ग्लोव्ह, तोही साधा. तिला विचारलं तर म्हणाली, "भाऊ, कॅबिनेट आहे न आमच्याकडे, पण तिचा फिल्टर बंद आहे." किती दिवसांपासून, ते तिलाही आठवत नव्हतं.

तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. कायदा बघा. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत केमोच्या उरलेल्या औषधाचं काय करायचं ते स्पष्ट आहे: पिवळी पिशवी, त्यावर सायटोटॉक्सिकचं चिन्ह, 1200 अंशांच्या वर जाळणे. म्हणजे कचरा झाल्यावर औषध धोकादायक असतं हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. कचरा होण्याआधी ते कुणाच्या हातात, कुठल्या हवेत असतं याबद्दल तितक्या ठणकावून बोललेलं मला सापडलं नाही. एनएबीएचचं मानांकन केमो सुरक्षित पद्धतीने, प्रशिक्षित माणसाने तयार करावी असं सांगतं, पण मानांकन घेणं प्रत्येक दवाखान्याला सक्तीचं नाही.

पैशाचं कारण पुढे केलं जातं. कॅबिनेट महाग, फिल्टर महाग, वीज सतत लागते, सगळं खरं. पण एकाच खोलीत सगळ्या पेशंटांचं औषध निर्जंतुक पद्धतीने तयार झालं तर एकाच्या वायलमधलं उरलेलं दुसऱ्याला वेळेत वापरता येतं. वॉर्डात फोडलेल्या वायलचं उरलेलं फेकावं लागतं. महागड्या औषधांच्या बाबतीत हा हिशेब कुणीतरी मांडून बघावा.

2018 साली राज्याने टाटा मेमोरियलच्या मदतीने जिल्हा रुग्णालयांत मोफत केमो द्यायला सुरुवात केली, त्यात वर्धा, भंडारा, गडचिरोलीसारखे आपले जिल्हे होते. 2025 च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढायचं जाहीर झालं. मी याच्या बाजूने आहे, शंभर टक्के. गडचिरोलीच्या बाईने दर तीन आठवड्यांनी ओकाऱ्या काढत एसटीने नागपूरला का यावं? नागपुरात जामठ्याला एनसीआय झालं, मिहानला एम्स झालं, तरी तिच्यासाठी अंतर तेवढंच राहिलं.

म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे माहितीच्या अधिकारात चार प्रश्न टाकले आहेत. केमोचं औषध कोण कालवतं, पद सांगा. कॅबिनेट कुठल्या प्रकारची आहे, हवा आडवी की उभी. फिल्टरची शेवटची तपासणी कुठल्या तारखेला झाली. आणि या कामावरची सिस्टर गरोदर राहिली तर तिला दुसरं काम देण्याचा लेखी आदेश आहे का. उत्तर आलं की कागद इथेच टाकतो. तुमच्या जिल्ह्यासाठी हाच अर्ज टाकायचा असेल तर मसुदा मागा, पाठवतो.